कापडी टपाच्या मोटारीचे मोल

बेंबळीच्या एका वाड्यातली कापडी टपाची जुनी मोटार भंगारवाल्याने वजनावर नेली. तिची खरी किंमत कशी काढली असती?

पहिला प्रश्न अस्सलपणाचा. चॅसिस व इंजिनाचे नंबर नोंदणीपुस्तकाशी आणि कारखान्याच्या नोंदींशी जुळावेत. बंद मोटारीचा टप कापून केलेली नक्कल तिथेच उघडी पडते. मग तशा किती बनल्या, किती उरल्या, मालक कोण होते, हे पाहायचे. शेवटी तशाच मोटारीचा अलीकडचा लिलावभाव धरून दुरुस्तीखर्च वजा करायचा.

मात्र चकाकी म्हणजे किंमत नव्हे. २०१४ साली फ्रान्समध्ये एका शेतावर १९६१ ची फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीत पडलेली सापडली. काचेआड दिवे असलेल्या तशा मोटारी ३७च. नट आलँ दलाँ याचा तिच्यासह फोटोही होता. २०१५ साली पॅरिसच्या लिलावात ती धुळीसकट १ कोटी ६३ लाख युरोंना गेली.

आपल्याकडे १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध, म्हणून परदेशी भाव इथे जसाच्या तसा लागत नाही. २०२१ च्या नियमांनी मात्र मूळ रूपातल्या, पन्नास वर्षांवरच्या मोटारींना स्वतंत्र नोंदणी मिळते.

तेव्हा विकण्याआधी ट्रंक उघडा. त्या वाड्यातले कागद सापडले, पण मोटार गेल्यावर.