जांघेतील फट आणि तिची डागडुजी

पोटाच्या पोकळीतील एखादा अवयव, बहुधा लहान आतड्याचे वेटोळे किंवा आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबीयुक्त वपा, पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून बाहेर डोकावू लागला म्हणजे त्या स्थितीला हर्निया किंवा अंतर्गळ असे म्हणतात; आणि हा फुगवटा पोट व मांडी जिथे मिळतात तिथे, म्हणजे जांघेत, येऊ लागला की त्याला वंक्षण हर्निया असे शास्त्रीय नाव मिळते. पोटाच्या भिंतीतील हर्नियांपैकी बहुसंख्य याच जागी होतात. पुरुषाला आयुष्यात केव्हातरी हा विकार जडण्याची शक्यता सुमारे २७ टक्के, तर स्त्रीला सुमारे ३ टक्के मानली जाते, आणि जगभरात त्यासाठी दरवर्षी दोन कोटींच्या आसपास शस्त्रक्रिया होतात. इतका सर्वसाधारण असूनही ज्याविषयी चारचौघांत क्वचितच बोलले जाते, असा हा विकार आहे.

स्त्री-पुरुषांतील या मोठ्या तफावतीचे मूळ गर्भावस्थेत सापडते. मुलग्याची वृषणे गर्भाच्या पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि साधारण सातव्या महिन्यापासून जांघेच्या वाटेने अंडकोषाकडे उतरू लागतात, कारण शुक्राणूंच्या निर्मितीसाठी शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड जागा लागते. या प्रवासात पर्युदराचा, म्हणजे पोटाला आतून असलेल्या पातळ अस्तराचा, बोटासारखा एक कप्पा त्यांच्यासोबत खाली आलेला असतो. वृषण जागेवर पोहोचल्यावर हा कप्पा मिटून जावा अशी योजना असते. परंतु वृषणाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आणि शुक्रवाहिनी यांची दोरी, जिला वृषणरज्जू म्हणतात, ती पोटातून बाहेर येण्यासाठी सुमारे चार सेंटिमीटर लांबीची तिरपी वाट मात्र जन्मभर उघडी ठेवावीच लागते. ही वाट म्हणजेच वंक्षण नलिका. स्त्रियांमध्येही ती असते, पण तिच्यातून केवळ गर्भाशयाचा एक बारीक बंध जात असल्याने ती अरुंद राहते. थोडक्यात, पुरुषाच्या पोटाची भिंत जांघेत निसर्गानेच पूर्ण बांधलेली नाही.

जन्मानंतरही तो कप्पा मिटला नाही, तर त्यातून आतडे खाली उतरू शकते आणि नलिकेच्या आतल्या तोंडातून शिरून पार अंडकोषापर्यंत पोहोचू शकते. याला अप्रत्यक्ष हर्निया म्हणतात. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांत तो अधिक आढळतो. बेंबीचा हर्निया मूल वाढेल तसा बहुधा आपोआप बुजतो, त्यामुळे जांघेतलाही बुजेल अशी आशा घरातील वडीलधारी मंडळी बाळगतात, पण ती येथे लागू पडत नाही. लहान मुलांत आतडे अडकण्याचा धोका मोठा असल्याने निदान झाल्यावर फार थांबले जात नाही. त्यांच्यावरील शस्त्रक्रिया मात्र सोपी असते, कारण भिंत धडधाकट असते, फक्त न मिटलेला कप्पा मुळाशी बांधून टाकायचा असतो, आणि कसलीही जाळी बसवावी लागत नाही.

दुसरा प्रकार उतारवयाचा. वाढत्या वयाबरोबर भिंतीतील तंतूंना बळ देणारे कोलॅजन हे प्रथिन कमकुवत होते, नलिकेची मागची बाजू झिजलेल्या कापडासारखी विरविरीत होते आणि पोटातील दाबाने ती समोर फुगते. हा प्रत्यक्ष हर्निया. जुनाट खोकला, बद्धकोष्ठामुळे रोज कुंथावे लागणे आणि पोटातील दाब वाढविणारे इतर विकार या झिजेला हातभार लावतात, आणि धूम्रपानाने कोलॅजनचेही नुकसान होते. घरात वडिलांना किंवा भावाला हर्निया असल्यास शक्यता वाढते. जड ओझे उचलल्याने हर्निया होतो ही समजूत मात्र वाटते तितकी सरळ नाही. बाजारातील हमालाला ओझे उचलताना गाठ प्रथम जाणवते हे खरे असले, तरी त्या क्षणापूर्वीच फट तयार झालेली असते आणि ओझे केवळ ती उघडकीला आणते, असे अनेकदा घडते. ओझ्याशी असलेले हे नाते जुन्या वैद्यांच्याही नजरेतून सुटले नव्हते. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या वृद्धीच्या सात प्रकारांत आंत्रवृद्धीचा समावेश असून तिच्या कारणांत भार वाहणे आणि बलवानाशी झुंजणे यांचा उल्लेख येतो.

लक्षणे सामान्यतः बोलकी असतात. उभे राहिल्यावर, खोकताना किंवा संडासला बसल्यावर जांघेत मऊ फुगवटा येतो आणि आडवे पडल्यावर तो आपोआप किंवा हाताने हलकेच दाबल्यावर आत जातो. दिवस मावळेपर्यंत जागा जड होते, ओढ लागते, कधी जळजळते. डॉक्टर रुग्णाला उभे करून खोकायला सांगतात आणि बोटाला लागणाऱ्या धक्क्यावरून बहुतेक वेळा निदान करतात. सोनोग्राफीची गरज शंका असेल तेव्हाच पडते. अंडकोषात पाणी साचून होणारा हायड्रोसील आणि हर्निया या दोन्हींना लोकभाषेत ‘अंडवृद्धी’ म्हणण्याची पद्धत असल्याने घोटाळा होतो. हायड्रोसील हाताने पोटात ढकलता येत नाही आणि अंधारात टॉर्च लावल्यास तो उजळतो, हा दोहोंतील ढोबळ फरक. जागा अशी असल्यामुळे रुग्ण पत्नीलाही सांगत नाही आणि गाठ अंडकोषात उतरून धोतराबाहेरून दिसू लागेपर्यंत वर्षे काढतो. या संकोचाने जेवढे नुकसान होते, तेवढे खुद्द हर्नियाने क्वचितच होत असेल.

फट औषधाने बुजत नाही, चूर्णाने नाही, लेपाने नाही आणि व्यायामानेही नाही, कारण तो रोग नसून रचनेतील दोष आहे. औषधांच्या दुकानात मिळणारा हर्नियाचा पट्टा गाठ दाबून धरतो, फट बंद करीत नाही, आणि आतडे आत न ढकलता तो बांधला तर उलट अपायच होतो. मात्र याचा अर्थ प्रत्येकाने लगेच शस्त्रक्रियागृह गाठावे असाही नव्हे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्रास नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या ७२० पुरुषांची वाटणी करून काहींवर लगेच शस्त्रक्रिया केली गेली, तर इतरांना केवळ नजरेखाली ठेवले गेले. थांबलेल्यांत आतडे अचानक अडकण्याचे प्रमाण हजार रुग्णांमागे वर्षाला दोनपेक्षाही कमी भरले. पुढे दहा वर्षांच्या पाठपुराव्यात थांबलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के लोकांनी, मुख्यतः दुखू लागल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतल्याचे दिसले. म्हणजे थांबणे सुरक्षित असते, पण बहुतेकांच्या बाबतीत ते पुढे ढकलणेच ठरते. साठीतल्या माणसाने पंचाहत्तरीच्या आपल्या प्रकृतीचा विचार करून हा हिशेब मांडावा हे बरे. स्त्रियांच्या बाबतीत हा निष्कर्ष लागू करता येत नाही. त्यांच्या जांघेतील गाठ पुष्कळदा खरोखर ऊरू हर्निया, म्हणजे जरा खालच्या अरुंद वाटेतून आलेला हर्निया असतो आणि त्यात आतडे फार लवकर आवळले जाते, म्हणून त्यांना थांबण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही.

ज्या एका प्रसंगाची भीती बाळगणे सर्वस्वी योग्य आहे, तो म्हणजे गाठ आत न जाणे. नेहमी आत जाणारा फुगवटा एकाएकी कडक होऊन तसाच राहिला, असह्य दुखू लागला, त्यावरची त्वचा लाल किंवा निळसर दिसू लागली आणि सोबत उलट्या, पोटफुगी व शौच-वायू बंद होणे ही लक्षणे आली, तर आतड्याचा रक्तपुरवठा फासासारखा आवळला गेला आहे असे समजावे लागते. रक्ताअभावी आतडे काही तासांत सडू लागते. अशा वेळी गाठ जोर लावून आत ढकलणे, तेल चोळणे किंवा सकाळची वाट पाहणे या तिन्ही गोष्टी घातक ठरतात.

दुरुस्तीचे शास्त्र खऱ्या अर्थाने इटलीतील पादुआ येथे सुरू झाले. एदोआर्दो बासिनी या शल्यविशारदाने १८८४ साली नलिकेची मागची भिंत टाक्यांनी पुन्हा उभारण्याची पद्धत वापरायला सुरुवात केली. तरुणपणी १८६७ मध्ये लढताना त्याला स्वतःलाच जांघेत संगिनीची जखम झाली होती, हा योगायोग इतिहासकारांना फार आवडतो. या पद्धतीत वरचा स्नायू खालच्या बंधाकडे खेचून शिवला जातो. पण दोन दूरच्या कडा ओढून शिवल्या की शिवण ताणली जाते, हे कोणताही शिंपी सांगेल, आणि म्हणूनच जुन्या पद्धतीत हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण बरेच राहिले. कॅनडातील एडवर्ड शोल्डाइस यांनी थरावर थर शिवण्याची पद्धत बसवून ते पुष्कळ खाली आणले. लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात कडा ओढण्याचा नादच सोडला आणि फटीवर पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या धाग्यांची विणलेली जाळी ठिगळासारखी सैल बसविली. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि काही आठवड्यांत तिची भिंत बनते. आज जगात सर्वाधिक वापरली जाणारी खुली पद्धत हीच आहे.

या इतिहासातील दोन पाने महाराष्ट्राची आहेत आणि ती इथल्याच वाचकांना फारशी ठाऊक नसतात. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे शल्यक्रिया करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांच्यापुढे प्रश्न होता तो जाळीच्या किमतीचा, कारण परदेशी जाळी ग्रामीण रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. मच्छरदाणीचे कापडही तशाच प्लास्टिकच्या धाग्यांचे असते हे ध्यानात घेऊन त्यांनी ते कापून, निर्जंतुक करून वापरले आणि २००३ साली सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मच्छरदाणीने माणसाचे पोट शिवायचे ही कल्पना ऐकून नाके मुरडली गेली नसती तरच नवल. परंतु पुढे आफ्रिकेत ती पद्धत रुजली, आणि युगांडात तीनशे पुरुषांवर झालेल्या काटेकोर तुलनेत, जिचे निष्कर्ष २०१६ साली जगातील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आले, ही जाळी महागड्या जाळीच्या बरोबरीची ठरली. दोन्हींच्या किमतीत शंभरपटींहून अधिक अंतर होते. अर्थात ती विशिष्ट प्रतीची आणि विशिष्ट तापमानाला निर्जंतुक केलेली जाळी होती, बाजारातून आणलेली कोणतीही मच्छरदाणी नव्हे. दुसरे पान पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांचे. त्यांनी जाळीच नाकारली. पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या चिवट पडद्याची एक पट्टी, तिची दोन्ही टोके न तोडता, मागच्या दुबळ्या भिंतीवर शिवण्याची पद्धत त्यांनी २००१ साली मांडली. परकी वस्तू शरीरात राहत नाही आणि स्नायूच्या हालचालीबरोबर पट्टीही ताणली जाते, ही तिची जमेची बाजू. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर केलेल्या तुलनेत तीन वर्षांनंतर ती आणि जाळीची पद्धत तुल्यबळ आढळल्या.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तीन लहान छिद्रांतून भिंतीच्या आतल्या बाजूने सुमारे दहा बाय पंधरा सेंटिमीटरची जाळी पसरली जाते. वेदना कमी होतात, कामावर लवकर परतता येते, आणि दोन्ही बाजूंचा हर्निया किंवा पूर्वी एकदा खुल्या पद्धतीने शिवलेला हर्निया असल्यास ती विशेष सोयीची पडते. तिच्यासाठी बहुधा संपूर्ण भूल लागते आणि शल्यविशारदाचा हात बसायला वेळही बराच लागतो. खुली शस्त्रक्रिया मात्र केवळ ती जागा बधिर करून होऊ शकते, जे हृदयविकार असलेल्या वृद्धांना मोलाचे ठरते. पद्धतीच्या नावापेक्षा ती पद्धत त्या डॉक्टरने किती वेळा केली आहे, हा प्रश्न रुग्णाने संकोच न करता विचारण्यासारखा आहे.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. महिनाभर अंथरुणाला खिळून राहण्याची जुनी रीत आता मोडीत निघाली असून त्याच संध्याकाळी उठून चालणे इष्ट मानले जाते. पहिले दोन-तीन दिवस उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे, खोकताना जखमेवर तळहात धरावा, आणि वेदनाशामक गोळ्या दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळी घ्याव्यात. अंडकोष सुजणे आणि काळानिळा पडणे हे पाहून घरचे घाबरतात, पण रक्त खाली उतरल्याने होणारी ही सूज एक-दोन आठवड्यांत ओसरते. घट्ट अंतर्वस्त्राने आराम पडतो. पाठीत सुई देऊन भूल दिलेल्यांना, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांना, लघवी अडकण्याचा त्रास होऊ शकतो व क्वचित काही काळ नळी घालावी लागते. कुंथावे लागू नये यासाठी भरपूर पाणी, पालेभाज्या आणि रात्री इसबगोल पुरे होते. भारतीय बैठकीचा संडास वर्ज्य नाही, मात्र सुरुवातीचे काही दिवस खुर्चीचा संडास सोयीचा जातो. टेबलावरचे काम आठवड्याभरात जमते. दुचाकी तेव्हाच चालवावी, जेव्हा अचानक ब्रेक दाबताना जांघेत कळ येत नाही. शेतातील किंवा हमालीचे जड काम चार ते सहा आठवड्यांनी सुरू करण्याचा सल्ला बहुतेक डॉक्टर देतात, जरी नव्या मतानुसार दुखत नसेल तर त्याआधीही हरकत नसते. ताप, जखमेतून पू, वाढत जाणारी सूज किंवा लघवी न होणे यांपैकी काहीही झाल्यास लगेच रुग्णालयात जावे.

शस्त्रक्रियेपूर्वी जे क्वचितच सांगितले जाते, ते असे की सुमारे दहापैकी एकाला तीन महिन्यांनंतरही लक्षात येण्याजोगे दुखणे राहते, कारण जांघेतून जाणाऱ्या तीन बारीक मज्जातंतूंपैकी एखादा दुखावतो किंवा वणात अडकतो. तरुण रुग्णांत आणि आधीपासूनच फार दुखत असलेल्यांत हे प्रमाण अधिक. बहुतेकांचे दुखणे वर्षभरात निवळते, थोड्यांना मज्जातंतू बधिर करण्याची इंजेक्शने लागतात. खुल्या शस्त्रक्रियेनंतर व्रणाखालची तळहाताएवढी त्वचा कित्येक महिने बधिर राहते आणि काहींची कायमचीच तशी राहते, पण कमरेला धोतर किंवा पँट आवळताना ती जागा आपली वाटत नाही यापलीकडे तिचा त्रास होत नाही.