टायर आतून का झिजतो? इलेक्ट्रिक गाडीचं सस्पेन्शन आणि व्हील अलाइनमेंट समजून घेऊया



मे महिन्यातली गोष्ट. लग्नासाठी आम्ही घरचे सगळे आमच्या इलेक्ट्रिक गाडीने धुळ्याहून जळगावला निघालो होतो. पारोळ्याला हवा बघायला थांबलो. पंक्चरवाला म्हणाला, "सर, टायरला आतल्या बाजूने हात लावून बघा." बाहेरून टायर एकदम चांगला दिसत होता. आतल्या कडेला मात्र तारा उघड्या पडल्या होत्या! मागच्या सीटवर दोन्ही पोरं झोपलेली. त्या उन्हात, वेगात असताना टायर फुटला असता तर?

आणि गंमत म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी मी अलाइनमेंट करून घेतली होती. मग चुकलं कुठे? ते शोधताना जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी सस्पेन्शन, मग अलाइनमेंट

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप तिचं हेलकावणं थांबवतो. लोअर आर्म, रबरी बुश आणि बॉल जॉइंट चाकाला जागेवर धरून ठेवतात. हे झालं सस्पेन्शन. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन बरोबर लावणं. आता सांगा, डगमगणाऱ्या फळ्यावर सरळ रेघ ओढता येते का? तसंच आहे हे. माझ्या गाडीचा लोअर आर्मचा बुश फाटला होता. उभ्या गाडीचे कोन मशीनवर बरोबर आले, पण रस्त्यावर जोर पडला की चाक पुन्हा वाकडं व्हायचं.

तीन कोन

१) टो: सरळ उभे राहा आणि पायांची बोटं आत वळवा. हा टो-इन. बोटं बाहेर वळवून फेंगडं चाला. हा टो-आउट. गाडीकडे वरून पाहिलं तर चाकंही अशीच आत किंवा बाहेर वळलेली असतात. टो-आउट जास्त झाला की टायरची आतली कड झिजते.

२) कॅम्बर: गाडीकडे समोरून पाहा. चाकाचा वरचा भाग आत झुकलाय की बाहेर? जास्त आत झुकला तरीही आतलीच कड खाल्ली जाते.

३) कास्टर: सायकलचा पुढचा चिमटा बाजूने पाहा, तो थोडा तिरपा असतो. त्यामुळे हँडल आपोआप सरळ होऊ पाहतं. गाडीच्या स्टिअरिंगचंही तसंच.

थोडं गणित

चाक फक्त १ अंश वाकडं असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते सुमारे साडेसतरा मीटर आडवं घासलं जातं. धुळे ते जळगाव साधारण ९० किलोमीटर. म्हणजे एका फेरीत दीड किलोमीटरहून जास्त घासणं! अगदी ०.२ अंश धरला तरी तीनशे मीटरच्या वर. आणि ०.२ अंश म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा फरक. डोळ्यांना तो दिसत नाही, टायरला मात्र कळतो.

इलेक्ट्रिक गाडीत जास्त जपायचं ते का?

टाटा नेक्सॉनचं उदाहरण घेऊ. तिचं इलेक्ट्रिक मॉडेल जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलं, बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासाची. तळाला बसवलेल्या या बॅटरीमुळे ती पेट्रोल नेक्सॉनपेक्षा जड आहे, आणि हा भार स्प्रिंग व बुशवर कायम असतो. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. ॲक्सिलरेटर सोडला की तीच मोटर पुढच्या चाकांना रोखून चार्जिंग करते. म्हणजे बुशला कधी पुढे ओढ, कधी मागे. शिवाय घासणाऱ्या चाकामुळे चार्ज वाया जातो, गाडी कमी अंतर चालते.

त्यात आपल्या तापी खोऱ्यातली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा रस्ता लाटांसारखा होतो आणि त्याचा मार सस्पेन्शन खातं.

काम कोणत्या क्रमाने करून घ्यायचं?

१. टायर थंड असताना हवा तपासा. आकडा दाराजवळच्या स्टिकरवर असतो.
२. गाडी उचलायची तर ठरवून दिलेल्या जागीच जॅक लावा. बॅटरीखाली कधीच नाही. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, त्यांत जास्त दाबाची वीज असते.
३. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड, शॉकअप तपासा. खराब असेल ते आधी बदला.
४. मग चारही चाकांचं माप घ्या. नेक्सॉनसारख्या गाड्यांत मागचे कोन सहसा बदलता येत नाहीत, पण मागचं माप घेतल्याशिवाय पुढचं नीट लागत नाही.
५. स्टिअरिंग सरळ ठेवून टाय रॉडने टो लावा. गरज असेल तर स्टिअरिंगचा सेन्सर रीसेट करायला सांगा.
६. आधीचा आणि नंतरचा छापील रिपोर्ट मागून घ्या.

एक सूचना. गाडी उंच करायला स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालण्याची पद्धत आहे. उंची बदलली की कोनही बदलतात, हे विसरू नका.

वर्गासाठी उपक्रम

मैदानावर १० मीटरची सरळ रेघ आखा. शेवटच्या टोकापासून साडेसतरा सेंटीमीटर बाजूला खूण करा आणि ती रेघेच्या सुरुवातीला दोरीने जोडा. मधला कोन झाला १ अंश! सुरुवातीला दोन्ही रेघा एकच वाटतात. मुलांना त्यावरून चालायला सांगा, फरक कुठे जाणवायला लागतो ते विचारा. कोनमापकावरची ती बारीक रेघ मग त्यांना कायम लक्षात राहील.

पारोळ्याच्या त्या भाऊने हवा भरण्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. "पोरं आहेत गाडीत, स्टेपनी लावून हळू जा," एवढंच म्हणाला. पालकहो, उद्या सकाळी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, गाडी बंद करा आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर नजर टाका. मुलं ज्या व्हॅनने शाळेत जातात, तिच्याही टायरकडे एकदा बघा.