इगतपुरी, सिएटल आणि बांदा

बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की गोवा. इन्सुलीच्या नाक्यावर ‘गोवा बनावटीची दारू’ पकडल्याच्या बातम्या इथल्या वाचकाला पाठ आहेत. त्या दारूमागच्या निराशेची, भासांची बातमी होत नाही. त्यासाठी घरची माणसं गोव्यातलं बांबोळीचं मनोरुग्णालय गाठतात, नाहीतर रत्नागिरीचं.

आधी दारू सोडा, मग मनाचं बघू. किंवा नेमकं उलट. या टोलवाटोलवीत वर्षानुवर्षं दोन्ही आजार बळावले. २९ ऑगस्ट १९८६ला पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने. पुलं-सुनीताबाईंची देणगी सगळ्यांना आठवते. व्यसन आणि मनोविकार शेजारी आणणाऱ्या त्या आवाराचं महत्त्व फारसं कुणी सांगत नाही.

ध्यान व्यसनाच्या उपचारात आलं ते मात्र परदेश फिरून. १९७६मध्ये इगतपुरीला सत्यनारायण गोएंकांचं विपश्यना केंद्र सुरू झालं. त्यांच्याच पद्धतीची दहा दिवसांची शिबिरं १९९७पासून सिएटलच्या एका तुरुंगात भरू लागली. सारा बोवेन आणि ॲलन मार्लट या संशोधकांनी सुटलेल्या कैद्यांची तीन महिन्यांनी विचारपूस केली. २००६मध्ये निष्कर्ष छापून आला: शिबिरात बसलेल्यांची दारू, गांजा, कोकेन इतरांपेक्षा कमी झालं होतं.

पण दहा दिवसांचं मौन सर्वांना झेपत नाही. गंभीर मनोविकार असलेल्यांना विपश्यना केंद्रंही शिबिराला येऊ नका म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मार्लट आणि सहकाऱ्यांनी आठवड्याला एक बैठक, असा आठ आठवड्यांचा क्रम बांधला. तलफ आली की तिच्याशी झगडायचं नाही, तिच्यामागे जायचंही नाही. घशात, छातीत ती कुठे जाणवते ते पाहत राहायचं. शिरोड्याच्या लाटेसारखी ती चढते, फुटते, ओसरते. २०१४मध्ये २८६ जणांवरच्या चाचणीत वर्षाअखेरीस हा क्रम केलेल्या गटाचे नशेचे दिवस सर्वांत कमी भरले. मनोविकाराच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या. ध्यान हा औषधाला पर्याय नव्हे.

गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने वेगळा मार्ग धरला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतच अतिमद्यपी पुरुषांशी बोलायचं. ३७७ जणांची ही चाचणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली: तीन महिन्यांनी ३६ टक्के धोक्याबाहेर आले होते, नेहमीच्या उपचारात २६ टक्के.

दारूला सीमा ओलांडायला वेळ लागत नाही. असा समुपदेशकही बांद्याच्या आरोग्य केंद्रात बसायला हवा. तोवर मानसिक आरोग्याच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.