मेडिकेअरच्या टेबलाशी एक मंगळवार

सकाळी साडेसहा

पहिला फोन पुण्याहून. न्यू जर्सीत उजाडत असतं तेव्हा कोथरूडला संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. फोनवरचे काका एडिसनमध्ये तीस-पस्तीस वर्षं राहिले, आता वर्षातला बराच काळ तिकडे असतात. "ताई, इथे मेडिकेअर चालत नाही. मग दर महिन्याला पार्ट बीचे पैसे मी कशासाठी भरतोय?"

प्रश्न रास्त आहे. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, भारतातल्या दवाखान्याचं बिल देत नाही. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, बाह्यरुग्ण उपचार यांचा भाग. २०२६ साली त्याचा हप्ता महिना २०२ डॉलर ९० सेंट, म्हणजे वर्षाला जवळजवळ २,४३५ डॉलर, आणि तो सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनमधून परस्पर कापला जातो. पार्ट बी सोडला तर हे पैसे वाचतात. पण चार वर्षांनी परत यावं लागलं तर प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांना दहा टक्के, असा चाळीस टक्के दंड हप्त्यावर चढतो आणि आयुष्यभर उतरत नाही. शिवाय परत शिरायला जानेवारी ते मार्च एवढीच मुदत. काकांचे हृदयाचे डॉक्टर अजून इकडेच आहेत, उन्हाळ्यात ते नातवंडांकडे येतातच. अशा माणसाने पार्ट बी सोडू नये, असं मी स्पष्ट सांगितलं. कायमचं पुण्यातच राहायचं ठरत असेल तर हिशेब वेगळा मांडता येईल, पण ते आधी काकूंशी बसून ठरवा म्हटलं.

सकाळी पावणेनऊ

मिडलसेक्स काउंटीतल्या एका ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत माझं टेबल असतं. अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात मेडिकेअरविषयी फुकट सल्ला देणारा सरकारी कार्यक्रम आहे, सगळे त्याला 'शिप' म्हणतात. मी त्यातली प्रशिक्षण घेतलेली स्वयंसेवक. आम्ही विमा विकत नाही, कमिशन घेत नाही, अमुकच प्लॅन घ्या असंही सांगत नाही. मराठी, हिंदी, गुजराती बोलणारी माणसं बहुधा माझ्याकडे पाठवली जातात. पुढे ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांच्या खुणा मी बदलल्या आहेत.

आज २ डिसेंबर २०२५. चालू मेडिकेअरवाल्यांना प्लॅन बदलायची वार्षिक मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, म्हणजे शेवटचा आठवडा. लोक विमा कंपन्यांची रंगीत पत्रकं पिशव्या भरभरून आणतात. त्या ढिगातून मी आधी दोनच कागद शोधते: लाल-पांढरं-निळं मेडिकेअर कार्ड आणि चालू प्लॅनने सप्टेंबरात पाठवलेलं पुढच्या वर्षीच्या बदलांचं पत्र. बाकीचं बहुतेक जाहिरात असते.

सकाळी साडेनऊ

पहिले गृहस्थ मार्चमध्ये पासष्टचे होणार. आयटीत आहेत, आणखी तीन वर्षं काम करायचं आहे. "मला घाई नाही ताई. माझा मित्रही नोकरीवर आहे, त्याने पार्ट बी घेतला नाही."

मी विचारलं, "तुमच्या कंपनीत माणसं किती?"

"बारा-तेरा."

इथेच सगळं फिरतं. मित्र मोठ्या बँकेत आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असले तर कंपनीचा विमा आधी पैसे देतो आणि मेडिकेअर मागून, त्यामुळे मित्राला पार्ट बी बिनदंड पुढे ढकलता आला. वीसपेक्षा कमी असले की उलटं: मेडिकेअर आधी, कंपनी मागून. यांनी मार्चमध्ये पार्ट बी घेतला नाही, तर कंपनीचा विमा म्हणू शकतो की मेडिकेअरने द्यायचा वाटा आम्ही का द्यावा. आपली कितीतरी माणसं अशा छोट्या कन्सल्टिंग कंपन्यांत आहेत, आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारतच नाही याचा मला मनापासून राग येतो.

पासष्टीच्या नोंदणीची मुदत सात महिन्यांची: वाढदिवसाच्या आधीचे तीन, तो महिना, नंतरचे तीन. मार्चवाल्यांची डिसेंबर ते जून, म्हणजे कालच उघडली. फेब्रुवारीअखेर अर्ज केला तर १ मार्चपासून विमा सुरू, नंतर केला तर अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन आधीच सुरू असेल तर कार्ड आपोआप येतं. यांचं सुरू नाही, म्हणून अर्ज स्वतःच करायचा, तोही सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाकडे. रुग्णालयाचा भाग, पार्ट ए, यांना बिनहप्त्याचा मिळेल, कारण इथे दहा वर्षं, म्हणजे चाळीस तिमाह्या, पगारातून कर कापला गेला आहे. एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं आहे का, हेही विचारलं. आहे. मेडिकेअर सुरू झाल्यावर त्यात पैसे भरता येत नाहीत. त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं.

सकाळी अकरा

या काकू एकट्याच आल्या, नवऱ्याचे कागद घेऊन. काका सहासष्टचे असताना मे २०२४ मध्ये नोकरी गेली. कंपनीने कोब्रा देऊ केला: तोच विमा, पूर्ण पैसे स्वतः भरायचे, अठरा महिने. ते दरमहा भरत राहिले. विमा आहे म्हटल्यावर मेडिकेअर कशाला, असं वाटणं अगदी स्वाभाविक. परवा, ३० नोव्हेंबरला, कोब्रा संपला.

कायद्याच्या लेखी कोब्रा हा नोकरीतला विमा नाही. नोकरी सुटल्यापासून आठ महिन्यांत पार्ट बी घ्यायला हवा होता, म्हणजे जानेवारी २०२५ पर्यंत. आता जानेवारी ते मार्च या सर्वसाधारण मुदतीची वाट पाहायची. १ जानेवारीला अर्ज केला तरी विमा १ फेब्रुवारीपासून. मधले दोन महिने डॉक्टरांचं बिल आलं तर ते खिशातून. दंड मोजला: जून २०२४ ते मार्च २०२६ बावीस महिने, त्यात पूर्ण वर्ष एक, म्हणजे दहा टक्के. २०२६ च्या दराने महिना वीस डॉलर, आणि हप्ता वाढेल तसा तोही वाढेल.

काकूंनी विचारलं, "आम्हाला कुणी सांगायचं होतं?" नोकरी सुटताना मिळालेल्या जाड पाकिटात एक ओळ असेलही. पण नोकरी गेलेला माणूस ते पाकीट काय मनःस्थितीत वाचतो? माझं ठाम मत आहे की ही सूचना त्याच्या हातात, त्याच्या नावाने, तारखेसकट पडली पाहिजे. न सांगितल्याची किंमत आयुष्यभर घेणं अन्यायाचं आहे. पार्ट एचा अर्ज मात्र तिथेच, ऑनलाइन, करून टाकला. बिनहप्त्याच्या पार्ट एला मुदतीचं बंधन नसतं आणि तो मागच्या सहा महिन्यांपर्यंत लागू धरला जातो. निदान रुग्णालयाचं छत्र राहिलं.

दुपारी साडेबारा

डबा. पोळी, फ्लॉवरची भाजी, ताक. जेवताना मला अनेकदा १९६५ हे साल आठवतं. ३० जुलैला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना मिळालं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी, जॉन्सन यांनीच नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. आपल्या डॉक्टर-इंजिनिअर मंडळींना इथलं दार त्या कायद्याने उघडलं. दोन्ही सह्यांचे धागे आता माझ्या टेबलाशी एकत्र येतात.

दुपारी एक

मुलगी आईला घेऊन आली. आजी बहात्तरच्या, सातारा जिल्ह्यातल्या निवृत्त शिक्षिका, यजमान गेल्यावर मुलीने बोलावून घेतलं. ग्रीन कार्ड मार्च २०२१ चं. इथे नोकरी केलेली नाही. मुलीने वीस वर्षं कर भरला आहे, तो आईच्या कामी येत नाही. जोडीदाराच्या तिमाह्या चालतात, मुलांच्या नाहीत. शाळेतल्या नोकरीची वर्षंही मोजली जात नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार झालेला नाही.

ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिलं की मेडिकेअर विकत घेता येतं. आजींची पाच वर्षं मार्च २०२६ मध्ये भरतात आणि त्यांची सात महिन्यांची मुदत त्या महिन्याभोवती धरली जाते, पासष्टीभोवती नाही. त्यामुळे दंड नाही. खर्च मात्र आहे: पार्ट ए महिना ५६५ डॉलर, पार्ट बी २०२.९०, मिळून ७६७ डॉलर ९० सेंट. नुसता पार्ट बी घेता येतो, आणि त्यावर औषधांचा पार्ट डी. पण रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर? मुलगी कागदावर बेरजा करत होती. आजी शांतपणे म्हणाल्या, "माझ्यासाठी एवढे नकोत."

यावर मुलगी काही बोलण्याआधी मीच बोलले. उत्पन्न कमी असलेल्यांचा पार्ट बीचा हप्ता राज्यामार्फत भरण्याची योजना आहे, औषधांसाठीही मदत मिळते. दोन्ही अर्ज करून पाहायचे. आजींना म्हटलं, "बाई, आधी अर्ज. नको म्हणायचं ते उत्तर आल्यावर."

दुपारी अडीच

दिवसातली सगळ्यांत लांब भेट हीच असते. जोडपं, दोघांचं मेडिकेअर जानेवारीपासून सुरू होणार, आणि प्रश्न नेहमीचा: मूळ मेडिकेअर आणि वर मेडिगॅप, की खासगी कंपनीचा ॲडव्हांटेज प्लॅन? टीव्हीवर शून्य हप्त्याची जाहिरात पाहिलेली. ते शून्य प्लॅनचं. पार्ट बीचा हप्ता दोन्हीकडे भरावाच लागतो.

मूळ मेडिकेअरमध्ये देशभर मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाता येतं. पण त्यात भोकं आहेत. २०२६ साली रुग्णालयात दाखल झालं की पहिले १,७३६ डॉलर आपले, आणि हे वर्षाला एकदा नाही. घरी येऊन साठ दिवस उलटल्यावर पुन्हा दाखल झालात तर पुन्हा तेवढेच. पार्ट बीमध्ये वर्षाचे पहिले २८३ डॉलर आपले, पुढे प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा, आणि त्याला वरची मर्यादाच नाही. कर्करोगाच्या उपचारांचा पाचवा हिस्सा किती होतो, हे या टेबलाशी बसून मी पाहिलं आहे. मेडिगॅप ही भोकं बुजवतो, पण त्याचा हप्ता वेगळा. ॲडव्हांटेजमध्ये खर्चाला मर्यादा आहे, २०२६ साली नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त ९,२५० डॉलर. मात्र डॉक्टर त्यांच्या यादीतले आणि बऱ्याच उपचारांना आधी मंजुरी.

काका म्हणाले, "आत्ता ॲडव्हांटेज घेतो, आजारी पडलो की मेडिगॅपकडे वळू." ही समजूत मी ऐकली की थांबवते. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅपची कंपनी तुमची तब्येत न विचारता विमा देते. तो काळ गेला की, पहिल्या वर्षातल्या काही सवलती सोडल्या तर, न्यू जर्सीत ती आजार विचारू शकते आणि नाकारू शकते. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये केव्हाही घेता येतो, पण हे राहतात वुडब्रिजला.

मग औषधं. काकांना मधुमेह, काकूंना रक्त पातळ करायची गोळी. सरकारी संकेतस्थळावर एकेक औषध, मात्रा आणि दुकान घातलं. स्वस्त हप्त्याचा प्लॅन यांच्या गोळ्यांसाठी वर्षअखेर महाग पडत होता, हे आकडे समोर आल्यावरच पटतं. २०२६ पासून एलिक्विस, जार्डिअन्स, जानुव्हिया यांसह दहा औषधांचे दर सरकारने कंपन्यांशी ठरवून घेतले आहेत, आणि पार्ट डीमधल्या औषधांवर वर्षात २,१०० डॉलरपेक्षा जास्त खिशातून जात नाहीत. काकू म्हणाल्या, "म्हणजे गोळी अर्धी करून खायला नको." गोळी अर्धी करून खाणाऱ्या अशा माणसांची दखल माहितीपत्रकांत नसते.

निर्णय त्यांनी आज घेतला नाही. बरं झालं.

दुपारी साडेचार

हे काका संतापून आले. २०२६ साठी पार्ट बीचा हप्ता २८४ डॉलर १० सेंट. चूक झाली म्हणाले. चूक नव्हती. जास्त उत्पन्नावरचा अधिभार दोन वर्षांमागच्या कर-विवरणावरून ठरतो, जोडप्याला २,१८,००० डॉलरच्या वर. यांनी २०२४ मध्ये भाड्याचं घर विकलं होतं. निवृत्तीमुळे उत्पन्न घटलं असेल तर एसएसए-४४ हा अर्ज देऊन सवलत मागता येते, पण घरविक्री त्या कारणांत बसत नाही. २०२७ च्या हप्त्यासाठी २०२५ चं उत्पन्न पाहिलं जाईल आणि अधिभार जाईल, एवढं ऐकून ते निवळले.

रात्री साडेआठ

नोंदी भरून झाल्या. शेवटचा फोन पार्सिपनीहून, चौसष्ट वर्षांच्या गृहस्थांचा. जुलैमध्ये पासष्ट, त्याच दिवशी निवृत्त. म्हणाले, "एप्रिलमध्ये फोन करू ना?"

अर्जाची मुदत १ एप्रिललाच उघडते, बरोबर आहे. पण मी विचारलं, "वहिनींचा विमा कुणाच्या नावावर?"

"माझ्याच. ती एकसष्टची आहे."

मेडिकेअर एकट्या माणसाचं असतं, जोडीदार त्यात येत नाही. हे निवृत्त झाले की वहिनींचा विमा थांबणार, आणि त्यांना मेडिकेअर मिळायला अजून चार वर्षं. कोब्रा, सरकारी विमा-बाजारपेठेतला सवलतीचा प्लॅन किंवा निवृत्ती थोडी पुढे ढकलणं, तिन्हींचे आकडे वेगवेगळे काढून पाहायला हवेत. जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी दहाची वेळ दिली. दोघांनी या म्हटलं, आणि कंपनीच्या विम्याचं पुस्तक घेऊन या.