विमानाचे मस्टर

९ जून २०२५ रोजी आपल्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचीही झाली. विमान डोक्यावरून गेले की माणसे विचारतात, ते किती उंच जाते, त्यात किती जण बसतात. आम्हांस आज विमान कंपनीच्या वहीविषयी बोलावयाचे आहे. ही वही आता कागदाची राहिलेली नाही. ती गणकयंत्रात, ज्यास आज संगणक म्हणतात त्यात, असते. तिच्यात कोणत्या नियमाने लिहिले जाते यावर प्रवाशाची जागा आणि कामगाराची झोप, दोन्ही ठरतात.

सोलापूरकरांस गणकयंत्र परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या मागावर उठते. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जेथे भोक तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे नाही तेथे तो खाली राहतो. मोर काढावयाचा की फूल, हे माग ठरवीत नाही, पुठ्ठा पाडणारा ठरवतो. अशाच भोकांच्या पुठ्ठ्यांवर हॉलरिथ नावाच्या गृहस्थाने १८९० साली अमेरिकेची खानेसुमारी मोजली, आणि त्याच्या धंद्यातून पुढे आयबीएम ही कंपनी उभी राहिली.

१९५३ साली या कंपनीचा एक विक्रेता आणि अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष एकाच विमानात शेजारी बसले. दोघांचेही आडनाव स्मिथ, म्हणून बोलणे निघाले म्हणतात. त्या काळी विमानाची जागा राखून ठेवणे म्हणजे फिरत्या पेटीतील कार्डे चाळणे. एका जागेच्या नोंदीस सरासरी दीड तास लागे. त्या बोलण्यातून ‘सेबर’ नावाची यंत्रणा जन्मली आणि १९६४पर्यंत त्या कंपनीच्या सर्व नोंदी तीवर आल्या. कागदी तिकीट मात्र बराच काळ टिकले. जगातील बहुतेक विमान कंपन्यांनी ते १ जून २००८पासून बंद केले. आता सहा अक्षरांचा एक क्रमांक हेच तिकीट. पूर्वी जे काम खिडकीवरचा कारकून पगार घेऊन करी, ते आज प्रवासी घरी बसून फुकट करतो आणि त्यास सोय म्हणतो. सोय आहेही, पण त्या कारकुनाची खुर्ची कोठे गेली हेही विचारावे.

वहीतील नियमाचा एक नमुना पाहू. गिरणीच्या दारात भोंग्याच्या वेळी बदली कामगार उभे असत, ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. काही कायम कामगार गैरहजर राहणारच, हा मालकाचा हिशेब. विमान कंपनी हाच हिशेब उलटा करते. काही प्रवासी येणारच नाहीत असे यंत्र मागील नोंदींवरून सांगते, म्हणून ती असलेल्या जागांहून अधिक तिकिटे विकते. सगळेच आले तर एखादा दारातच राहतो. फरक एवढाच की या प्रवाशाला भरपाईचा नियम आहे: तासाभरात दुसरे विमान दिले नाही, पण चोवीस तासांच्या आत दिले, तर एकेरी मूळ भाड्याच्या व इंधन-आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. दारावरून परत जाणाऱ्या बदलीवाल्यास काय मिळे, ते आपण जाणता.

वही एकाच ठिकाणी गेली की तिचे दुखणेही एकाच वेळी सगळ्यांस होते. २७ एप्रिल २०१९च्या पहाटे एअर इंडियाची वही सांभाळणारी यंत्रणा सुमारे पाच तास बंद पडली आणि शंभराहून अधिक उड्डाणे रखडली. २०२१मध्ये त्याच यंत्रणेतून जगभरच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती चोरीस गेली. १९ जुलै २०२४ रोजी एका अमेरिकी कंपनीने सुरक्षेच्या आज्ञावलीत सदोष बदल पाठवला, तेव्हा आपल्याकडील विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी विमानात बसण्याचे पास हाताने लिहून दिले. शाई आणि मनगट त्या दिवशी कामास आले.

आता मस्टरकडे वळू. कोणता वैमानिक कोणत्या दिवशी कोठून कोठे उडेल, कोठे मुक्काम करील, हे यंत्रच जुळवते. त्यास दोन गोष्टी सांगितलेल्या असतात: कायद्याची विश्रांती मोडू नये, आणि कमीत कमी माणसांत काम व्हावे. पहिली सरकार सांगते, दुसरी मालक. वैमानिकांच्या संघटना दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या, आणि २०२५मध्ये नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले. जुलैपासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची ४८ तास झाली. नोव्हेंबरपासून रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहांवरून दोनांवर आली. देशातील निम्म्याहून अधिक प्रवासी नेणाऱ्या इंडिगोचे वेळापत्रक डिसेंबरात कोसळले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कंपनीने सांगितलेल्या कारणांत किरकोळ तांत्रिक बिघाडही होता. आमच्या मते यंत्राने त्या दिवसांत खोटे काही सांगितले नाही: नियम बदलला, माणसे तेवढीच, बेरीज जुळत नाही. माणसे भरणे हे यंत्राचे काम नव्हे, आणि नियम येणार हे महिनोन्‌महिने आधी ठाऊक होते.

विमानतळांवर अडकलेल्या लोकांचे हाल खरे होते. त्यांत लग्नास निघालेले होते, आजाऱ्यास भेटावयास निघालेलेही होते. पण तोड काय निघाली, तर त्याच ५ डिसेंबरला विमान वाहतूक महासंचालनालयाने आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा मोजू नये हे कलम मागे घेतले आणि इंडिगोस रात्रीच्या नियमातून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सूट दिली. वैमानिकांच्या संघटनांनी हरकत घेतली.