फॉन्ट टाकला, तरी ⍳ उमटेना

एपीएल ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला बसलेल्याला पहिला सल्ला ठरलेला मिळतो: ‘आधी तिचा फॉन्ट टाक, मग सगळं चालेल.’ तो बिचारा फॉन्ट डाउनलोड करतो, टाकतो, कळा बडवतो. पडद्यावर मात्र तीच एबीसीडी.

कारण फॉन्टचे काम फक्त चिन्ह रेखाटण्याचे. कोणती कळ दाबल्यावर कोणते चिन्ह यावे, हे की-बोर्डची मांडणी ठरवते आणि ते चिन्ह पाहून काय करायचे, हे इंटरप्रिटर. तिघांची कामे वेगळी! डायलॉग एपीएलच्या राइड या एडिटरमध्ये टॅबच्या वरची कळ दाबून मग ‘आय’ दाबले की ⍳ हे चिन्ह मिळते. +/⍳ लिहून पुढे १० टाकले, तर १ ते १० ची बेरीज ५५ येते. फॉन्ट कोणताही असो, उत्तर बदलत नाही.

फॉन्ट टाकला की चिन्ह उमटते, हा समज आभाळातून पडलेला नाही. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ च्या ‘ए प्रोग्रामिंग लँग्वेज’ या पुस्तकातल्या चिन्हलिपीतून ही भाषा घडली. तेव्हाच्या आयबीएम टर्मिनलमध्ये तिच्यासाठी वेगळा टंकगोळा बसवत. गोळा बदलला की त्याच कळेवर दुसरे चिन्ह छापले जाई. मराठीत ‘शिवाजी’सारख्या जुन्या फॉन्टांनी तीच सवय लावली: आत इंग्रजी अक्षरांचे कोड, वर देवनागरी रूप. युनिकोडने तो मामला मोडीत काढला. एपीएलच्या ⍳ ला तिथे दशमान पद्धतीत ९०७५ हा स्वतःचा क्रमांक आहे. जवळपास तशाच दिसणाऱ्या ग्रीक आयोटाचा क्रमांक ९५३. डोळ्यांना ही दोन्ही सारखी वाटतात, इंटरप्रिटरला नाही.

मग खास फॉन्ट हवाच कशाला? रांगा जुळाव्यात म्हणून. चिन्ह एका फॉन्टातून आणि अंक दुसऱ्यातून आले, तर रुंदी बिघडते आणि कोष्टक वाकडेतिकडे दिसते. ‘एपीएल३८५ युनिकोड’ त्यासाठी आहे. ‘देजावू सॅन्स मोनो’वरही काम भागते.

फॉन्टबद्दल असेच आणखी काही समज आहेत. ‘फाइल पाठवली तर समोरच्याकडेही तोच फॉन्ट हवा.’ नको; ती चिन्हे असलेला कोणताही चालतो.

‘फिरा कोड हा फॉन्ट टाकला की != चे ≠ टाइप होते.’ होत नाही. फाइलमध्ये उद्गारचिन्ह आणि बरोबरचे चिन्ह, दोन्ही तशीच राहतात. जोडून दिसतात एवढेच. एपीएलचे ≠ मात्र खरोखर एकच अक्षर आहे.

‘चौकट दिसली म्हणजे फाइल बिघडली.’ बहुतेकदा फक्त फॉन्टात चिन्ह नसते. शिवाय ⎕ हे एपीएलचे खरेखुरे चिन्ह आहे, ‘क्वाड’. इनपुट-आउटपुटसाठी ते सतत लागते. काळजी करायची ती चिन्हांच्या जागी प्रश्नचिन्हे आली तर. जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करताना ९०७५ ला जागा मिळाली नाही आणि तिथे प्रश्नचिन्ह लिहिले गेले, असा त्याचा अर्थ असू शकतो. मग दहा फॉन्ट टाकले तरी ⍳ परत येत नाही. मूळ प्रत शोधून ती यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करावी लागते.