नवप्रविष्ट पोलीस शिपायाचे नऊ महिने

पोलीस शिपाई म्हणून निवड झालेली मुले पगाराचे खाते उघडण्यासाठी बँकेत आमच्या टेबलाशी येतात, तेव्हा बहुधा वडील सोबत असतात. मुलगा फॉर्म भरीत असतो आणि वडील हळूच विचारतात, "भाऊ, नऊ महिने शिकवतेत तरी का जी?" या प्रश्नाचे उत्तर समाजबांधवांना एकदा नीट मिळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

भरतीविषयी येथे फार लिहीत नाही. बारावी उत्तीर्ण, मुलाची उंची १६५ सेंटिमीटर, मुलीची १५५, मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावणे, गोळाफेक, मग लेखी परीक्षा, हे आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहे. परंतु निवड झाली म्हणजे सर्व झाले, हा समज चुकीचा होय. खरी परीक्षा पुढेच असते.

शिपायांचे मूलभूत प्रशिक्षण पोलीस प्रशिक्षण विद्यालयांत होते. नागपूर, अकोला, जालना, खंडाळा आदी ठिकाणी अशी विद्यालये आहेत. नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी निराळी. ती १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्डे येथे सुरू झाली, १९०९ साली नाशिकला गेली. तेथे उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक घडविले जातात. पुष्कळ पालक दोहोंची गल्लत करतात.

विद्यालयात मुलाला 'नवप्रविष्ट पोलीस शिपाई' म्हणतात. केस बारीक कापले जातात, बॅरेकमध्ये खाट व पेटी मिळते आणि दिवस उजाडण्यापूर्वी शिट्टी वाजते. पी.टी., धावणे, मग कवायत. सावधान, विश्राम, तेज चल, थम. हात किती उंच जावा, टाच कशी जुळावी, यावर तासन्‌तास घालवितात. एकाची चूक झाली की सर्वांना 'रगडा', म्हणजे पळणे नाहीतर दंड-बैठका. आमच्या वस्तीतून गेलेला एक मुलगा सांगत होता की रोवणीत दिवसभर वाकून राहणाऱ्या आमच्या कमरेला ताठ उभे राहणेच सर्वांत जड गेले. पहिल्या महिन्यात पाय सुजतात, घराची आठवण येते, भाताची सवय असलेल्याला मेसची पोळी गिळत नाही. याच काळात मुलगा फोनवर रडतो आणि आई म्हणते, "ये बापा परत." मातांना आमची हात जोडून विनंती आहे, एवढा एक महिना तसे म्हणू नका. पुढे अंग तयार होते. लाठी, जमाव पांगविण्याची कवायत, शस्त्र उघडणे-जोडणे व गोळीबाराचा सराव यांत मुले रमतात.

हा झाला बाह्यवर्ग. दुसरा भाग आंतरवर्गाचा, आणि आमची मुले कच्ची राहतात ती येथे. दमलेल्या अंगाने वर्गात बसायचे आणि कायदा शिकायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, त्यामुळे मोठ्या भावाने जपून ठेवलेली जुन्या कलमांची वही आता अपुरी पडते. त्याच मुलाला वर्गात सायकलचोरीची फिर्याद लिहावयास दिली होती. त्याने पानभर लिहिले, पण चोरी किती वाजता कळली तेच राहिले. कागद तीन वेळा परत आला. तो म्हणतो, रगड्यापेक्षा हे झोंबले.

फिर्याद कोण लिहितो व कशी लिहितो, हे आमच्या समाजाला कसे विसरता येईल? जुन्या मध्य प्रांतात आमचे आजे-पणजे गावचे कोतवाल होते. गस्त घालणे, ठाण्यात जाऊन जन्म-मृत्यूची खबर देणे हे पोलिसांचेच काम ते करीत. पण त्यांच्या वहीतील नोंद बहुधा दुसऱ्याच्या हातची असे. सैन्यात, आरमारात व पोलिसात अस्पृश्यांना मुक्त प्रवेश मिळावा, अशी मागणी बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२८ साली सायमन कमिशनपुढे ठेवली होती. त्या निवेदनामागे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

आणि आपल्याच मोहाडी तालुक्यातील खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यानंतर पोलिसांच्या तपासाविषयी राज्यभर संताप उसळला, काही पोलिसांना निलंबित करण्यात आले. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून पुस्तकात होता. परंतु सत्र न्यायालयाने २००८ साली शिक्षा सुनावताना तो लागू धरला नाही. प्रकरण कोर्टात उभे राहते ते पहिल्या तासांतील नोंदींवर, पंचनाम्यावर, जबाबांवर. ते कागद ठाणे अंमलदार आणि मोहरर यांच्या हातून तयार होतात, आणि आजचा शिपाई काही वर्षांनी त्याच खुर्चीवर बसतो.

आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यात घ्यावी लागते. तोंडी दिलेली खबर लिहून वाचून दाखवावयाची, सही घ्यावयाची आणि प्रत विनामूल्य द्यावयाची. एवढे तरी शिपाई होणाऱ्या मुलाला आणि ठाण्याची पायरी चढणाऱ्या त्याच्या बापालाही ठाऊक असावे.

आमच्या अभ्यासिकेत तिन्ही नव्या कायद्यांची मराठी पुस्तके ठेवली आहेत. रविवारी सकाळी फिर्याद व जबाब लिहिण्याचा सराव घेतो. पहाटे वैनगंगेच्या पुलाकडे धावायला पंधरा-वीस मुले जातात. सरावाला चार येतात. सतरंजी मोठी आहे.